गच्चीवरची वीज: अनुदान, मीटर आणि आपला हिशेब




उन्हाळ्याच्या सुटीआधीची गोष्ट. आठवीच्या वर्गात विज्ञानाचा तास घेत असताना शाळेची वीज गेली. पंखे थांबले आणि मुले वह्यांनी वारा घेऊ लागली. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, आमच्या घरावर सोलर आहे. काल दुपारी एवढे कडक ऊन होते, तरी कॉलनीची वीज गेल्याबरोबर आमच्या घरचीही गेली. बाबा म्हणतात, लावणाऱ्याने आपल्याला फसवले. ऊन असताना आमची वीज गेलीच कशी?"

त्याच आठवड्यात एक पालक आमच्या कार्यालयात आल्या. घरी डबे करून त्या दोन मुलांना शिकवतात. सोलरसाठी सरकारकडून साठ हजार रुपये मिळतील या भरवशावर त्यांनी एका एजंटाला सगळी रक्कम दिली होती. पॅनल बसले, पण अनुदान आले नाही. आणि त्याच महिन्यात विश्वस्त मंडळाच्या बैठकीपुढे एका विक्रेत्याचा प्रस्ताव आला: "शाळेच्या छतावर सोलर लावा, अर्धे पैसे सरकार देईल."

प्रश्न तीन, पण विषय एकच. घरोघरी आणि मिळून-मिसळून वीज तयार करण्यासाठी सरकार मदत करते ती नेमकी किती, कोणाला आणि कोणत्या अटींवर, हे आपल्यापैकी पुष्कळांना नीट ठाऊक नाही. म्हणून या अंकात त्याबद्दल सविस्तर लिहीत आहोत. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लिहिताना मराठीत कुठे हिंदी डोकावली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

योजना काय आहे?

२२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवण्याची घोषणा केली. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना' या नावाने ती सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. एकूण तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची असून मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत ठरवलेली आहे. सहावी-सातवीच्या मुलांनी भागाकार करून पाहावा: एक कोटी घरांनी भागले तर प्रत्येक घरामागे साधारण पाऊण लाख रुपये येतात.

अनुदान संचाच्या क्षमतेवर ठरते. क्षमता किलोवॉटमध्ये मोजतात.

१ किलोवॉटला ३०,००० रुपये
२ किलोवॉटला ६०,००० रुपये
३ किलोवॉट व त्याहून अधिक कितीही असले तरी ७८,००० रुपये

म्हणजे पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार आणि त्यापुढे काही नाही. याचे कारण सोपे आहे. सरकारने दोन किलोवॉटपर्यंत ठरवलेल्या खर्चाच्या साठ टक्के आणि दोन ते तीन किलोवॉटमधल्या भागाला चाळीस टक्के मदत धरली आहे. लहान घराला जास्त आधार मिळावा आणि मोठ्या बंगल्याने आपले आपण पाहावे, हा त्यामागचा विचार. उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज मिळते. तीन किलोवॉटपर्यंत त्याला तारण लागत नाही, आणि योजना सुरू झाली तेव्हा त्याचा व्याजदर सुमारे सात टक्के होता.

नावातला 'मुफ्त' हा शब्द मात्र जपून वाचावा. सरकारचे म्हणणे असे की तीन किलोवॉटचा संच महिन्याला सरासरी तीनशेहून अधिक युनिट वीज देतो, तेव्हा तेवढीच वीज वापरणाऱ्या घराचे विजेचे पैसे वाचतील. संच फुकट मिळत नाही. आधी आपल्या खिशातून पैसे घालावे लागतात आणि मग ते हळूहळू परत येतात.

गच्चीवर काय घडते?

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे विज्ञान. पॅनलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन हलू लागतात आणि विद्युत प्रवाह सुरू होतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनचा असा पहिला उपयोगी घट जगापुढे ठेवला. पॅनलमधून निघणारी वीज डीसी असते, म्हणजे बॅटरीतल्या विजेसारखी एकाच दिशेने वाहणारी. आपले पंखे आणि फ्रिज एसीवर चालतात. डीसीची एसी करण्याचे काम इन्व्हर्टर करतो.

घरात जेवढी वीज लागते तेवढी आधी घर घेते. दुपारी घरी कोणी नसते, पंखे बंद असतात, तेव्हा जास्तीची वीज तारांमधून बाहेर जाते आणि शेजारच्या घरात वापरली जाते. रात्री आपण बाहेरून वीज घेतो. हे दोन्ही व्यवहार मोजणारे मीटर म्हणजे नेट मीटर. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखेच हे आहे. दिलेले एका बाजूला, घेतलेले दुसऱ्या बाजूला, आणि महिन्याच्या शेवटी फरकाचे पैसे. दिलेले युनिट जास्त झाले तर ते पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतात. आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक राहते त्याचा हिशेब आयोगाने ठरवलेल्या दराने होतो. हा दर आपण विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच लावून वीज विकण्याचा धंदा करू, असे कोणी मनात आणू नये. बिलातला स्थिर आकारही शून्य होत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. बाहेरची वीज गेली की घरावरचा साधा इन्व्हर्टर जाणूनबुजून, क्षणात स्वतःला बंद करून घेतो. तसे केले नाही तर गच्चीवरची वीज बाहेरच्या तारांत जात राहील. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला त्या तारेचा धक्का बसेल. म्हणजे तिच्या घरची वीज गेली ती कोणाच्या तरी बाबांचा जीव वाचावा म्हणून. बॅटरीचा वेगळ्या प्रकारचा संच घेतला तर वीज गेल्यावरही दिवे चालतात, पण तो महाग पडतो आणि बॅटरीसाठी या योजनेत वेगळे अनुदान नाही. विक्रेत्याने हे आधीच सांगायला हवे होते, एवढी मात्र त्या बाबांची तक्रार रास्त आहे.

आमच्याकडून झालेली चूक

दुसऱ्यांना शिकवण्याआधी स्वतःचे सांगावे. आमच्या घरी दोन किलोवॉटचा संच बसवला तेव्हा आम्ही गच्चीवर सकाळी दहा वाजता उभे राहून जागा निवडली. छान ऊन होते. शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर एका पॅनलवर येते, हे नंतर कळले. एकाच पॅनलवर सावली आहे, तर नुकसानही तेवढेच होईल, असे आम्हाला वाटले. पण पॅनल एका माळेत जोडलेले असतात. पाण्याची नळी एका ठिकाणी दाबली तर सगळ्याच नळीतला प्रवाह कमी होतो, तसे एका पॅनलवरची सावली पूर्ण माळेला मागे खेचते. शेवटी दोन पॅनल हलवावे लागले आणि त्याचा खर्च वेगळा आला.

विद्यार्थ्यांना यातून भूगोलही शिकता येईल. कर्कवृत्त आपल्या अगदी जवळून, उज्जैनजवळच्या डोंगला गावातून जाते. इंदूर त्याच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे जून महिन्याच्या आसपासचे काही दिवस सोडले तर भर दुपारी सूर्य आपल्याला नेहमी दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. पॅनलचे तोंड दक्षिणेकडे करतात ते याच कारणाने. डिसेंबरमध्ये सूर्य सर्वांत खाली असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात, तेव्हा जागेची परीक्षा त्या महिन्यात केलेली उत्तम. दुसरी गंमत अशी की पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनल तापले की वीज थोडी कमी होते. म्हणून मे महिन्याची कडक दुपार दिसते तेवढी फायद्याची नसते. धूळ बसली तरी वीज घटते, तेव्हा अधूनमधून सकाळी लवकर पाण्याने पुसून घ्यावे.

दोन घरांचा हिशेब

पालकांनी आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "सर, लावावे का?" याचे उत्तर आपल्या बिलात आहे. दोन काल्पनिक घरे घेऊ. दर आणि किमती उदाहरणापुरत्या धरल्या आहेत. आपल्या बिलावरचे आकडे घालून प्रत्येकाने पुन्हा हिशेब करावा.

पहिले घर. आजी-आजोबा, आई-बाबा, दोन मुले, एक कूलर, एक एसी. महिन्याचा वापर ३५० युनिट. तीन किलोवॉटचा संच १,८०,००० रुपयांना मिळाला असे धरू. अनुदान ७८,००० वजा जाता स्वतःचे १,०२,००० लागले. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॉटचे महिन्याला साधारण ३६०. पावसाळा, धूळ वगैरे धरून आपण ३०० मानू. एका युनिटला सात रुपये धरले तर महिन्याला २,१०० आणि वर्षाला २५,२०० रुपये वाचतात. चार वर्षांच्या आसपास पैसे वसूल होतात. पॅनल त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालते.

दुसरे घर. तिघे जण, दोन पंखे, एक फ्रिज, टीव्ही. वापर १४० युनिट. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना अटल गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिट शंभर रुपयांत मिळतात. तेव्हा या घराचे बिल साडेचारशेच्या घरात येते असे धरू. एक किलोवॉटचा संच ६५,००० रुपयांचा, अनुदान ३०,०००, स्वतःचे ३५,०००. महिन्याला फार तर ३५० रुपये वाचतील, म्हणजे वर्षाला ४,२००. पैसे वसूल व्हायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. कर्ज काढून लावले तर आणखी लांबेल.

पहिल्या घराने आज अर्ज करावा असे आम्ही म्हणू. दुसऱ्या घराने घाई करू नये. शेजाऱ्याने लावले म्हणून आपण लावले, असे होऊ नये. डबे करणाऱ्या त्या पालकांचा वापर मात्र पहिल्या घरासारखा होता. मिक्सर, फ्रिज, दिवसभर चालणारा पंखा. त्यांचा निर्णय बरोबर होता. चूक झाली ती माणूस निवडताना.

अर्ज करताना काय पाहावे?

त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. एजंट नोंदणीकृत विक्रेता नव्हता, आणि बसवलेले पॅनल अटीत बसणारे नव्हते. म्हणून पुढील गोष्टी कापून फ्रिजवर चिकटवून ठेवाव्यात, ही विनंती.

१. अर्ज स्वतः करावा. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर आपल्या वीज बिलावरचा ग्राहक क्रमांक घालून नोंदणी होते. घरातली नववी-दहावीची मुले हे काम सहज करू शकतात.
२. विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच निवडावा. दोन-तीन जणांकडून भाव मागवावेत.
३. पॅनलमधले सौर घट आणि पॅनल दोन्ही भारतात तयार झालेले असले पाहिजेत. ही अनुदानाची अट आहे. स्वस्त पडते म्हणून बाहेरचे पॅनल घेतले तर अनुदान जाते.
४. अनुदान पॅनलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल तिच्यावर मिळते. दोन्ही आकडे लेखी घ्यावेत.
५. फेब्रुवारी २०२४ मध्ये बदललेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना वेगळ्या तांत्रिक तपासणीची गरज राहिलेली नाही. "मंजुरी काढून देतो, त्याचे वेगळे पैसे द्या" असे कोणी म्हटले तर सावध व्हावे.
६. संच बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावरच अनुदान थेट आपल्या बँक खात्यात येते. ते दुसऱ्या कोणाच्या खात्यातून येत नाही. बँकेचा ओटीपी कोणालाही सांगू नये.
७. पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. करारनाम्याची प्रत जपून ठेवावी.

त्या पालकांनी एजंटाविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. अर्ज लिहिण्यास आमच्या कार्यालयाने मदत केली. पैसे परत मिळतील की नाही हे आज सांगता येत नाही. आपल्यापैकी कोणावर अशी वेळ येऊ नये म्हणून त्यांच्या संमतीने हे लिहिले आहे.

ही मदत येते कुठून?

सरकारचे अनुदान म्हणजे आपणा सर्वांचा कर. जे सोलर लावत नाहीत त्यांचाही त्यात वाटा असतो. इतर देशांत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने झाली. जर्मनीने १९९० साली कायदा करून ठरवले की लहान उत्पादकाची वीज कंपन्यांनी घेतलीच पाहिजे. २००० सालच्या कायद्याने त्या विजेला वीस वर्षांपर्यंत ठरलेला चांगला भाव दिला. लोकांनी घरांवर, गोठ्यांवर पॅनल लावले. पण त्याचा खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलात अधिभार म्हणून येत असे. तो अधिभार जुलै २०२२ मध्ये बंद करून भार सरकारी तिजोरीवर घेतला गेला. ब्रिटननेही एप्रिल २०१० मध्ये अशी भाव देणारी योजना सुरू केली आणि मार्च २०१९ च्या अखेरीस नव्या अर्जांसाठी ती बंद केली. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मदत कायमची नसते, आणि ती कोणाच्या तरी खिशातून येते. तेव्हा मिळालेले अनुदान नीट वापरणे हे कर्तव्यच ठरते.

ज्यांना गच्ची नाही त्यांचे काय?

आपल्या शाळेतली पुष्कळ मुले भाड्याच्या घरात किंवा जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांत राहतात. गच्ची घरमालकाची. मग ही योजना फक्त घर असणाऱ्यांची का? हा प्रश्न विद्यार्थ्यांनी जरूर विचारावा. याची पूर्ण सोय अजून झालेली नाही, पण काही वाटा उघडल्या आहेत.

बहुमजली इमारतीत राहणाऱ्यांसाठी रहिवासी संघाला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. त्यातून जिन्याचे दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप अशा सामायिक सोयींची वीज निघते, आणि प्रत्येकाचा मासिक देखभाल खर्च कमी होऊ शकतो. दुसरी वाट म्हणजे एका ठिकाणी सामायिक संच लावून त्याचे युनिट अनेकांच्या बिलात वाटून देणे. दिल्लीने २०१९ मध्ये यासाठी नियम केले.

मिळून केलेल्या कामाची दोन उदाहरणे आपल्या ओळखीच्या मुलखातली आहेत. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. २०१६ पासून ते शेताला पाणी देऊन उरलेली वीज वडोदरा येथे मुख्यालय असलेल्या मध्य गुजरात वीज कंपनीला विकू लागले. करार पंचवीस वर्षांचा, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. यात एक शहाणपण आहे. फुकटच्या विजेने पाणी उपसतच राहण्याचा मोह होतो. विजेला भाव मिळाला की शेतकरी गरजेपुरते पाणी घेतो आणि बाकीची वीज विकतो. जमिनीतले पाणीही वाचते. पुढे २०१८ मध्ये गुजरात सरकारने शेतकऱ्यांसाठी मोठी योजना आणली आणि २०१९ मध्ये केंद्राने कुसुम योजना सुरू केली. तिच्यात शेतकरी, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायतीही पडीक जमिनीवर छोटे प्रकल्प उभारू शकतात.

दुसरे उदाहरण आपल्या इंदूरचेच. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी झालेले आंदोलन आपल्या आजी-आजोबांना आठवत असेल. १९७८ मध्ये ते पाणी शहरात आले. पण नर्मदा खाली आणि माळव्याचे पठार वर, तेव्हा खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून पाणी वर चढवायला अफाट वीज लागते. त्या खर्चासाठी जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प ठरला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर नगर निगमाने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. ते साध्या नागरिकांनाही घेता येत होते आणि व्याज ८.२५ टक्के होते. ज्यांना गच्ची नाही अशांनाही आपल्या बचतीतून शहराच्या सौर विजेत वाटा उचलता आला. पुढच्या वेळी नळ सुरू करताना मुलांनी हे आठवावे.

आणि आपली शाळा?

आता विश्वस्त मंडळापुढच्या प्रस्तावाबद्दल. "अर्धे पैसे सरकार देईल" हे म्हणणे बरोबर नाही. सूर्य घर योजनेचे अनुदान फक्त निवासी घरांना आणि रहिवासी संघांना आहे. आपल्यासारख्या संस्थेला ते मिळत नाही. आपल्याला लाभ मिळेल तो नेट मीटरचा. म्हणून शाळेचा हिशेब अनुदानाशिवाय केला पाहिजे.

दहा किलोवॉटच्या संचाला साधारण शंभर चौरस मीटर सावली नसलेली जागा लागते. तेवढी जागा नव्या इमारतीच्या स्लॅबवर आहे. जुन्या इमारतीवर कौले आहेत, तिच्यावर भार टाकणे योग्य नाही. किलोवॉटला ५५,००० रुपये धरले तर खर्च साडेपाच लाख. महिन्याला साधारण १,२०० युनिट आणि युनिटला आठ रुपये धरले तर ९,६०० रुपये वाचतील, वर्षाला सव्वा लाखाच्या थोडे आत. पाच वर्षांच्या आत खर्च निघतो. शाळेची वीज मुख्यतः दिवसा लागते, ही जमेची बाजू. मे महिन्याच्या सुटीत बाहेर गेलेले युनिट खात्यात जमा राहतील आणि पुढे उपयोगी पडतील.

दुसरा पर्याय असा की एखादी कंपनी आपल्या छतावर स्वतःच्या खर्चाने संच लावते आणि ठरलेल्या दराने शाळेला वीज विकते. यात आधी पैसे लागत नाहीत, पण करार पुष्कळ वर्षांचा असतो. मधेच छत दुरुस्त करायचे झाले तर काय, हे करारात लिहून घ्यावे लागेल.

आमचे मत स्पष्ट लिहितो, कारण पैसा सगळ्यांचा आहे. शाळेच्या राखीव निधीवर मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि गरजू मुलांची फी-सवलत यांचा हक्क आधी आहे. ही दोन कामे झाल्यावर, नव्या स्लॅबची इंजिनिअरकडून तपासणी आणि गळतीची दुरुस्ती करून घ्यावी. मग पाच किलोवॉटपासून सुरुवात करावी. वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिच्यातूनच पुढचे पाच किलोवॉट घ्यावेत. असे झाले तर फी न वाढवता शाळेला आपली वीज मिळेल. अंतिम निर्णय विश्वस्त मंडळाचा राहील. पालकांनी आपले मत लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे, ते बैठकीपुढे ठेवले जाईल.

विद्यार्थ्यांसाठी काम

पाचवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक महिना रोज संध्याकाळी सात वाजता घरच्या मीटरचे वाचन वहीत लिहावे. आजच्या आकड्यातून कालचा आकडा वजा केला की दिवसाचा वापर कळतो. ज्या दिवशी वापर जास्त झाला त्या दिवशी काय चालू होते, तेही लिहावे. ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनी दिलेले आणि घेतलेले असे दोन्ही आकडे लिहावेत. ज्यांच्या घरी वेगळे मीटर नाही त्यांनी शाळेच्या मीटरचे वाचन करावे. शिपाईमामा मीटरची खोली उघडून देतील. महिन्याअखेरीस वर्गवार तक्ता तयार होईल आणि तो शाळेच्या प्रस्तावासोबत विश्वस्तांपुढे जाईल. म्हणजे शाळेच्या निर्णयात आपल्या वह्यांचाही उपयोग होणार आहे.

आठवीच्या त्या मुलीने घरी जाऊन लाइनमनची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, बाबांनी ऐकले. पण ते म्हणाले, मग हे आधी कोणी सांगितले का नाही?" त्या बाबांसाठी आणि त्यांच्यासारख्या सर्व पालकांसाठी हा लेख.

आपला,
प्राचार्य